बुडालेल्या जुन्या जहाजाचा सर्व्हे कसा करायचा

गोव्यात सुंची रीफवर (समुद्रातला खडक) १७व्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत, तोफा, चिनी भांडी, हस्तिदंत असं बरंच तिथे सापडलंय आणि ते शोधायचं काम दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने केलं. अशा जागी व्हॉलंटियर म्हणून उतरायचं तर आधी परवानगी आणि सोबत पुरातत्त्ववाला माणूस, त्याशिवाय नाहीच.

पावसाळ्यात विषय बंद. ऑक्टोबरनंतर बघा, तरी पाणी गढूळ असतंच, म्हणून बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न जाता तरंगत राहणं, पक्की हवी, फिन्स (पायातली वल्ह्यासारखी पाती) तळाला लागले की गाळ उठतो आणि मग बडी, म्हणजे जोडीचा डायव्हरसुद्धा दिसत नाही.

खाली गेल्यावर पहिलं काम बेसलाईन, म्हणजे अवशेषांच्या मधून टेप ताणून दोन्ही टोकं पक्की करायची. मग समजा तोफ मोजायचीय, तर टेपवरच्या ४ आणि ७ मीटरच्या खुणेपासून तोफेच्या तोंडापर्यंत अंतर घ्या, मागच्या टोकाचंही तसंच, वर येऊन कागदावर कंपासने दोन कंस काढले की जिथे छेदतात तिथे तोफ. प्रवाहात टेपला पोट येतं आणि आकडा चुकतो, दोघांनी घट्ट धरा. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई फिरते, रीडिंग लांबून घ्या.

स्लेटवर, म्हणजे पाण्याखाली लिहायच्या पाटीवर पेन्सिलनेच लिहा, फोटोत स्केल (मापपट्टी) ठेवा.

आणि कृपा करून काही उचलू नका, अगदी खापराचा तुकडाही नाही! वस्तू कुठे कशी पडलीय हीच खरी माहिती असते, शिवाय समुद्रातलं लोखंड वर आणून नुसतं वाळवलं तर मिठामुळे पोपडे सुटून त्याचा भुगा होतो.

स्लेट पुसायच्या आधी सगळं त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या.