सब आणि टॉपचं टायमिंग जुळवताना, नवीन साउंडवाल्यांसाठी

भाऊ, क्रॉसओव्हर म्हणजे काय, डिले कुठे टाकायचा, पोलॅरिटीचं बटण काय करतं हे तुम्हाला येतं असं धरूनच लिहितोय, कारण खरी अडचण त्याच्या पुढे सुरू होते: सब (खालचा बेस वाजवणारा बॉक्स) आणि टॉप (त्याच्या वरचा आवाज वाजवणारा बॉक्स) यांचा आवाज सोबत पोचेल असं जुळवताना. आपल्याकडे नागपुरात बहुतेक पोरं लग्नाच्या लॉनवर नाहीतर गणपतीच्या मंडपात केबल ओढता ओढताच हे काम शिकतात, त्यामुळे बॉक्स लावता येतात, आवाज काढता येतो, पण फेजचा (लाट आपल्या सायकलमध्ये किती अंशांवर आहे त्याचा) ग्राफ समोर आला की कोणाला विचारावं तेच कळत नाही. मलाही हे समजायला फार वेळ लागला.

पहिली गोष्ट, टेपने अंतर मोजून डिले टाकणं पुरत नाही. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे २.९ मिलिसेकंद, हा हिशोब बरोबरच आहे. पण सबचा लो-पास फिल्टर, त्याचं पोर्ट, हे सगळं मिळून खालच्या फ्रिक्वेन्सीला स्वतःचा उशीर लावतं आणि तो टेपला दिसत नाही. म्हणून माइक लावून मोजा. ओपन साउंड मीटर आणि आरईडब्ल्यू फुकट मिळतात, सॉफ्टवेअर महाग आहे म्हणून अडून बसायचं काही कारण नाही. टॉपवर डिले फाइंडर (आवाज माइकपर्यंत किती उशिरा पोचतो ते शोधणारं बटण) एकदाच चालवा, तो आकडा लॉक करा, ट्रेस म्हणजे ग्राफवरची रेषा सेव्ह करा, मग टॉप म्यूट करून त्याच आकड्यावर सब मोजा. सबसाठी फाइंडर परत दाबला की दोघांमधला खरा फरकच पुसला जातो.

आता जिथे जवळजवळ प्रत्येकजण फसतो ते नीट वाचा. समजा क्रॉसओव्हर १०० हर्ट्झला आहे. तुम्ही डिले हलवत हलवत दोन्ही फेज ट्रेस १०० वर एकमेकांवर आणले आणि वाटलं झालं. नाही झालं! १०० हर्ट्झची एक सायकल १० मिलिसेकंदांची असते, म्हणजे सब पूर्ण १० मिलिसेकंद उशिरा आला तरी १०० वर ट्रेस तसेच जुळलेले दिसतील, ग्राफ तुम्हाला काहीच सांगणार नाही. पण तेच १० मिलिसेकंद ८० हर्ट्झला ०.८ सायकल होतात, म्हणजे तिथे ७२ अंशांचा फरक. १२५ ला सव्वा सायकल, म्हणजे ९० अंश. सारख्या लेव्हलच्या दोन बॉक्सची बेरीज जिथे ६ डीबी मिळायला हवी तिथे ९० अंशांवर ३ च मिळते, आणि किक मागून ढकलल्यासारखी, फुगीर ऐकू येते. मग लोक इक्यू फिरवत बसतात, आणि इक्यूने हे दुरुस्त होतच नाही. म्हणून फक्त क्रॉसिंग पाहू नका, उतार पाहा, म्हणजे फेजची रेषा किती तिरपी जाते ते. दोन्ही बॉक्स जिथे सोबत वाजतात त्या सगळ्या पट्ट्यात, समजा ७० ते १४० मध्ये, दोन्ही रेषा समांतर, एकावर एक गेल्या पाहिजेत. खात्रीसाठी शेवटी एकाची पोलॅरिटी उलटी करा, खड्डा खोल आणि रुंद पडला तर जुळलंय, अरुंद पडला तर सायकल चुकली आहे.

पोलॅरिटी उलटसुलट करून ज्यात बेस जास्त वाटतो ते ठेवायचं, हा शॉर्टकट बरेच उस्ताद शिकवतात. मला तो अजिबात पटत नाही. त्यात दोनच पर्याय असतात, आणि चुकीच्या दोघांपैकी कमी चुकीचा तुम्ही निवडत असता.

डिलेने उतार जुळतच नसेल, जसं दोन वेगळ्या कंपन्यांचे टॉप सोबत लावले की होतं, तेव्हा ऑलपास फिल्टर काढा. तो लेव्हलला हात लावत नाही, फक्त फेज वळवतो: सेकंड ऑर्डरचा असेल तर त्याला दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर १८० अंश, एकूण ३६०. ज्याचा फेज कमी वळलेला आहे त्याच बॉक्सवर तो टाका, क्यू कमी ठेवा (म्हणजे फेज हळूहळू, रुंद भागात वळतो), एकाने भागत असेल तर दुसरा टाकू नका, कारण प्रत्येक ऑलपास तेवढ्या भागात उशीर वाढवतो. एफआयआरने (फेजही सरळ करू शकणाऱ्या डिजिटल फिल्टरने) सगळं सरळ होतं असं कोणी सांगून राहिलं असेल तर ४८ किलोहर्ट्झला ४०९६ टॅपचा (टॅप म्हणजे फिल्टरचा एकेक गुणांक) लिनियर फेज फिल्टर सुमारे ४३ मिलिसेकंद खातो हे त्याला सांगा. स्टेजवर गाणाऱ्याला ते चालत नाही.

घाबरू नका, दोन-चार शोमध्ये डोळ्याला उतार कळायला लागतो, गणित लागत नाही.

आणि आपला उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात दुपारी ४४ अंशांत साउंडचेक केला तर स्टेजच्या आवाजाला ४० मीटरवरच्या डिले टॉवरपर्यंत (मागच्या लोकांसाठी लावलेल्या बॉक्सपर्यंत) पोचायला साधारण ११२ मिलिसेकंद लागतात, रात्री ३२ अंश झालं की ११४. तेवढ्यानेही बोलण्याची स्पष्टता कमी होऊ शकते. शोच्या आधी टॉवर परत मोजा आणि फक्त त्याचाच डिले बदला. सब-टॉप एका जागी असतील तर त्यांना हात लावू नका, दोघांचाही प्रवास सारखाच बदलतो.