फिरत्या चकतीवरचा पातळ थर एकसारखा वाळवण्यासाठी

उत्प्रेरकाची विद्युत-रासायनिक चाचणी घेण्यासाठी मोटारीवर फिरणारा चकती-इलेक्ट्रोड वापरतात. त्याच्या काचसदृश कार्बनच्या 5 मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर उत्प्रेरकाच्या शाईचा (द्रवात कालवलेल्या पुडीचा) थेंब सोडून तो तसाच वाळू दिला, की बरीचशी पूड कडेला सरकून तिथे काळे कडे उठते आणि मध्यभागी कार्बन जवळजवळ उघडा राहतो. मग आलेखात मर्यादा-प्रवाहाचा, म्हणजे वीजप्रवाह ज्याहून वाढू शकत नाही त्या पातळीचा, सपाट टप्पा तिरका येतो आणि आपण दोष मात्र उत्प्रेरकाला देत बसतो.

म्हणून थर फिरवतच वाळवावा. चकतीचे तोंड वर येईल अशा रीतीने मोटार उलटी बसवावी, स्थिर चकतीच्या मध्यावर 10 मायक्रोलिटर शाई सोडावी, ती कडेपर्यंत पसरली की फेरे सावकाश वाढवत मिनिटाला 700 पर्यंत न्यावेत आणि ओली चकाकी पूर्ण जाईपर्यंत तसेच ठेवावेत. नंतर भिंगाखाली पाहावे. राखाडी छटा सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

प्लॅटिनम-कार्बनचा थर असल्यास ऑक्सिजनने संपृक्त 0.1 मोलर परक्लोरिक आम्लात, मिनिटाला 1600 फेऱ्यांना, मर्यादा-प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 6 मिलिअँपिअर यावा; तो बराच कमी आला, तर आधी थरावरच संशय घ्यावा.

शाई भोवतालच्या टेफ्लॉनवर उतरली असेल, तर ती चकती मोजू नये, पुसून नव्याने सुरुवात करावी.