घरून फ्रीलान्स काम करताय? एकटं पाडणाऱ्या या चुका टाळा

दुपारी साडेतीनला कुरियरवाल्याने बेल वाजवली आणि ओटीपी विचारला. चार आकडे सांगायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा ठणठणीत होता. सकाळपासून मी कोणाशी एक शब्दही बोलले नव्हते, एवढंच. त्या दिवशी हातात भरपूर काम होतं, आधीच्या कामाचे पैसे वेळेवर आले होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नासेक मेसेजही झाले होते. म्हणजे सगळं सुरळीत चाललंय असंच मी समजत होते.

बडोद्यात राहून मी सहा वर्षं घरून भाषांतराची कामं करते. ओळखीतली बरीच पोरं आता नोकरी सोडून याच वाटेला लागलीत, म्हणून माझ्या हातून झालेल्या चुका इथे मांडते.

‘हातातलं काम संपलं की भेटू’

सगळ्यांत महागात पडली ती ही चूक. नोकरीत ऑफिस सुटतं, आपलं काम सुटत नाही. एक फाइल पाठवली की दुसरी येते. नाही आली तर पुढच्या महिन्याची काळजी लागते आणि मग तर घराबाहेर पडावंसंच वाटत नाही. अमेरिकेतल्या क्लायंटचा दिवस आपल्याकडे संध्याकाळी उजाडतो, त्यामुळे मैत्रिणी मोकळ्या होतात नेमक्या त्याच वेळी आपण लॅपटॉप उघडून बसतो. तीन-चारदा ‘आज नाही गं जमणार’ म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही.

माणसांची वेळ कामाच्या आधी ठेवा आणि ती पक्की ठरवून ठेवा. मी सकाळी साडेसहाला कमाटीबागेत जाते. १८७९ पासून शहराला खुली असलेली ही बाग. सकाळी तिथे चालायला येणारे चेहरे वर्षानुवर्षं तेच असतात. पहिले दोन महिने नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती. मग एकदा ताप आला म्हणून दोन दिवस गेले नाही, तर तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी थांबवून विचारलं, “दोन दिवस कुठे होतीस?” घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. ऑफिसात गैरहजर राहिलं की कोणाला तरी कळतं. घरून काम करताना आपण दिसलो नाही, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मला वाटतं, आपलं एकाकीपण इथूनच सुरू होतं.

दार बंद ठेवणं

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला. आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, वीज गेलेली, मोबाइल अकरा टक्क्यांवर. जिन्यात टॉर्चचा उजेड दिसला म्हणून दार उघडलं, तर समोरच्या फ्लॅटमधल्या बा (गुजराती आजी) उभ्या. मला बघून त्याच दचकल्या. “बेटा, तू घरात आहेस? मला वाटलं हा फ्लॅट बंदच असतो.” दोन दारांमध्ये जेमतेम आठ पावलं. तेव्हा मी तिथे राहायला येऊन चार वर्षं झाली होती.

पुढचे दोन दिवस त्यांच्या गॅसवर खिचडी-कढी झाली. त्या गुजरातीत बोलायच्या, मी मराठीत. बडोद्यात त्याने कोणाचं काही अडत नाही.

दूध दाराला लावलेल्या पिशवीत, भाजी अ‍ॅपवरून, वीजबिल मोबाइलवर. या सोयींनी वेळ वाचतो हे खरं, पण दिवसभरातली पाच-सहा छोटी बोलणी त्यातच गेली. मी त्यातली एकच परत आणली: भाजी खालच्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून घ्यायची. “आज मेथी नाही का, काका?” एवढंच बोलणं. याला कोणी मैत्री म्हणणार नाही, पण दिवसाचा पहिला शब्द दुपारी साडेतीनपर्यंत अडकून राहत नाही.

मेसेजबद्दल फार लिहीत नाही. ज्यांच्याशी मेसेजवर बोलता, त्यातल्या एका माणसाला रोज मेसेजऐवजी फोन करून बघा.

पैसे भरले की प्रश्न सुटला असं समजणं

मी एक महिना को-वर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळे लोक भाडं भरून काम करतात अशा सामाईक ऑफिसात टेबल घेतलं. सगळे कानांत हेडफोन घालून बसलेले, मीसुद्धा. महिन्याअखेरीस शेजारच्याचं नावही माहीत नव्हतं. काहींना तिथे सोबत मिळतही असेल. मला मात्र त्याहून मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय जास्त उपयोगी पडलं. १९१० साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी सुरू केलेलं, आणि मराठी पुस्तकंही आहेत. दर बुधवारी पुस्तक बदलायला जायचं, एवढाच नेम. काही आठवड्यांत काउंटरवरचे काका मी मागितलेलं पुस्तक बाजूला काढून ठेवू लागले. जागा कोणतीही चालेल. त्याच वारी, त्याच माणसांपुढे पुन्हा पुन्हा जाणं महत्त्वाचं.

उदासीला थकवा समजणं

हे मी सहा महिने केलं. झोप येईना, फोन वाजला की धस्स व्हायचं, आलेलं आमंत्रण रद्द झालं की सुटल्यासारखं वाटायचं. ‘कामाचा ताण आहे’ म्हणून वर आणखी काम घेतलं, म्हणजे विचारच नको. एकटं राहायला आवडणं वेगळं. माणसं हवीशी वाटूनही त्यांच्यापर्यंत जाववत नसेल, तर ते एकाकीपण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला ते भेडसावतं, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही. असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा, किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. सुरुवात कशी करायची ते सुचत नसेल तर “मी घरून काम करते आणि बरेच दिवस कोणाशी नीट बोलले नाही” एवढं सांगितलं तरी पुरे.