तारेची मण्यांची बांगडी करताय? या चुका टाळा

मण्यांची बांगडी बिघडते ती मण्यांमुळे नाही, तारेमुळे. आपण पुण्यात बोहरी आळीत तासभर उभं राहून मणी निवडतो, हा फिका तो गडद, हा नको तो दाखवा, आणि तार मात्र "द्या हो कुठलीही बारीक" म्हणून पिशवीत टाकतो. माझ्या पहिल्या चार-पाच बांगड्या अशाच वाया गेल्या. इथे मी साध्या पितळी कड्यावर बारीक तार गुंडाळत मणी बसवतात त्या बांगडीबद्दल सांगतेय.

गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबरचा, घोळ सगळ्यात मोठा. एक तर नंबर वाढला की तार बारीक होते, हे सुरुवातीला डोक्यात उलटंच बसतं. त्यात परदेशी व्हिडिओतली बाई 26 गेज म्हणते ते बहुतेक वेळा अमेरिकन माप असतं, म्हणजे 0.40 मिमी, आणि आपल्याकडे मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापात मिळते, त्यातली 26 नंबर म्हणजे जवळजवळ 0.46 मिमी. फरक केसाएवढा, पण बारीक मोत्याच्या भोकातून तार दोनदा न्यायची असली की तिथेच गाडी अडते, मग आपण जोर लावतो आणि मोती तडकतो. एसडब्ल्यूजीमध्ये 28 मागा, ती 0.38 च्या आसपास भरते. खरं तर नंबरच्या नादी लागण्यापेक्षा एक मणी पर्समध्ये ठेवा आणि दुकानातच ओवून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

आणि किती घ्यायची? एक मीटर पुरेल असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. 2 मिमी जाडीच्या दोन-सहा मापाच्या कड्यावर मणी न घालता नुसती 0.40 ची तार एकाला एक चिकटवून गुंडाळली तरी साडेतीन मीटरच्या वर लागते. मध्ये मध्ये कडं उघडं ठेवलं तर बरीच कमी. पण म्हणून साडेतीन मीटरचा तुकडा एकदम घेऊन बसू नका, तो पायात अडकतो, खुर्चीत अडकतो, मांजर असेल तर विचारूच नका, दीड-दोन हात तार घ्या आणि संपली की जोडा. ओढताना तारेला वेटोळं पडलं तर तसंच ओढायचं नाही, थांबून बोटांनी ते वेटोळं उलगडायचं. एकदा कोन पडला की तो कितीही सरळ केला तरी तार तिथेच तुटणार, कारण तांबं-पितळ पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होत जातं आणि मग कट्कन जातं.

मापाचं थोडक्यात. दोन-चार म्हणजे आतून सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच, मधलं दोन-सहा, म्हणजे एका मापात साधारण 3 मिमीचा फरक. गुंडाळलेली तार आतूनही जागा खाते, त्यामुळे बांगडी आधीच साबण लावून चढत असेल तर कडं एक माप मोठं घ्या. कडं न वापरता जाड तारेतच 4 मिमीचे मणी ओवणार असाल तर तारेच्या मध्यापासून मोजता दोन्ही बाजूंनी 2-2 असे 4 मिमी आतून कमी होतात, म्हणजे एका मापाहून जास्तच.

मणी आतल्या बाजूला फिरतात ही तक्रार सगळ्यांची. त्याचं कारण एकच, आपण शेवटी सगळं मिळून घट्ट करायला बघतो, आणि तेव्हा काही होत नाही. मणी कड्याच्या बाहेरच्या कडेला धरायचा, अंगठ्याने दाबून ठेवायचा, तार ओढून दोन वेढे घ्यायचे, ते नखाने मण्याला भिडवायचे आणि मगच पुढचा मणी घ्यायचा. अंगठा दुखतो. दहाव्या मण्यानंतर टीव्ही बघत केलं की पकड सैल पडते, त्यामुळे मालिका बंद!

आता टोकं. माझ्या जावेने मी दिलेली बांगडी घालून पदर सारखा केला आणि जरीचा एक धागा असा सर्रकन निघून आला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. टोक कापून तसंच सोडलं होतं मी. टोक कधीच बाहेरच्या बाजूला नको आणि आतल्या बाजूला मनगटाकडेही नको, ते दोन वेढ्यांच्या मध्ये किंवा मण्याखाली सरकवायचं आणि चपट्या पक्कडीने दाबायचं. पक्कडीच्या तोंडाला कागदी टेप लावा, नाहीतर तारेचं पॉलिश खरवडतं. झालं की जुना नायलॉनचा मोजा बांगडीवरून फिरवून बघा, अडकला तर अजून दाबा.

काळी पडली म्हणून लिंबू-चिंचेने घासू नका, आंबटाने मोत्याची चकाकी जाते. मऊ कोरडं कापड बास.

आणि अर्ध्यात तार तुटली तर सगळं उसवू नका. शेवटचा मणी नीट बसलाय तिथपर्यंत मागे या, जुनं टोक कड्यालगत वळवून दाबा, नवी तार त्याच्यावरूनच तीन-चार वेढे घेऊन सुरू करा, म्हणजे जुनं टोक आपोआप खाली झाकलं जातं. जोड शक्यतो मोठ्या मण्याशेजारी घ्या, तिथे कुणी बघत नाही.