छापण्यापूर्वी धडा गूगल डॉक्सवर तपासून घेताना

‘लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, शिक्षक बघून घेतील’ हा सल्ला कृपया मानू नका. मग अर्धे अभिप्राय स्क्रीनशॉट होऊन येतात, उरलेले फोनवर सांगितले जातात आणि छपाईच्या वेळी कुठली दुरुस्ती झाली, कुठली राहिली, ते कोणालाच सांगता येत नाही. न छापलेला धडा ग्रुपाग्रुपांतून फिरतो तो वेगळाच.

मसुदा युनिकोडमध्ये हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर डॉक्समध्ये चिकटवला की देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढला तरी ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होऊन येऊ शकतं. ‘र्य’ शोधा आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहा. ‘रिप्लेस ऑल’ दाबलंत तर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ही बिघडतील.

एका धड्याची एकच फाइल. ‘व्हर्जन हिस्टरी’मध्ये, म्हणजे फाइलच्या आधीच्या प्रती दिसतात तिथे, चालू प्रतीला ‘तपासणीपूर्व’ नाव द्या. ‘अप्रकाशित मसुदा’ असा वॉटरमार्क टाका.

शेअर करताना ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून प्रत्येक तपासणाऱ्याचा ईमेल घाला, हक्क ‘कमेंटर’चाच द्या. सेटिंगच्या चाकात डाउनलोड, प्रिंट आणि कॉपीवरची खूण काढा. स्क्रीनशॉट त्यानेही थांबत नाही, वॉटरमार्क त्यासाठीच आहे. ‘एडिटर’ म्हणजे धड्याचा संपादक, बाकी कोणी नाही. विषयतज्ज्ञ कितीही ज्येष्ठ असले तरी नाही.

आता खरी कसोटी: अभिप्राय घेणं आणि निकाली काढणं. इथेच चांगले धडे बिघडतात.

शुद्धलेखनाची चूक असेल तर ‘सजेस्टिंग’ मोडमध्ये (मूळ शब्द न पुसता) दुरुस्ती सुचवावी. माहिती, इयत्तेची पातळी, चित्र याबद्दल मात्र कमेंटच. कमेंटसाठी नेमका तेवढाच शब्द निवडायचा, अख्खा परिच्छेद नाही. एका कमेंटमध्ये एकच मुद्दा. समजा धड्यात ‘नागपूर भोसल्यांनी वसवलं’ असं आलंय. त्यावर ‘हे चूक आहे, पाहावे’ एवढंच लिहिलं तर संपादकाने काय करायचं? असं लिहा: ‘नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलं, भोसले नंतर आले. वाक्य असं करावं: ...’ आणि खाली संदर्भग्रंथाचं नाव व पान. चूक कोणती, बरोबर काय आणि आधार कुठला, या तिन्ही गोष्टी नसतील तर कमेंट तपासणाऱ्याकडे परत पाठवा. संकोच करू नका, पुस्तक मुलांच्या हातात जाणार आहे.

दोघांचं पटत नसेल तर त्याच कमेंटखाली उत्तर द्यायचं, नवी कमेंट उघडायची नाही. पहिलीच्या भाजीबाजाराच्या चित्राखाली ‘कोथिंबीर’ छापलंय असं धरा. नागपूरच्या बाई ‘सांबार’ सुचवतात, पुण्याचे सर पुन्हा ‘कोथिंबीर’ करतात. सुचवणीवर सुचवणी चढली की मूळ शब्द कोणता होता तेच दिसेनासं होतं. दोन्ही सुचवण्या नाकारा, कमेंट लावा, निर्णय संपादकाने घ्यावा. पुस्तक राज्यभर जाणार असेल तर माझ्या मते छापावं ‘कोथिंबीर’, पण शिक्षकांसाठीच्या सूचनेत ‘विदर्भात मुलं सांबार म्हणतील, ते चूक धरू नये’ हे आलंच पाहिजे. नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये आईसोबत रोज सांबार घेणाऱ्या मुलाला वर्गात चूक ठरवणं बरं नाही.

‘रिझॉल्व्ह’ची खूण फक्त संपादकाने करायची, आणि तीही ‘घेतलं’ किंवा ‘घेतलं नाही, कारण...’ असं लिहून झाल्यावर. त्या परिच्छेदातल्या कमेंट आधी संपवा, सुचवण्या नंतर स्वीकारा. क्रम उलटा झाला आणि कमेंट लावलेला शब्दच उडाला, तर कमेंट समासातून जाते आणि विसरली जाते. ‘ॲक्सेप्ट ऑल’ कधीच दाबू नका. त्यात एखादी चुकीची तारीखही मुकाट्याने आत शिरते.

चित्रं आणि नकाशे मोबाइलवर तपासू नयेत.

सगळ्या कमेंट निकाली निघाल्या की त्याच फाइलच्या ‘व्हर्जन हिस्टरी’त चालू प्रतीला ‘अंतिम’ नाव द्या, तपासणाऱ्यांचे हक्क काढा आणि मजकूर डीटीपीला, म्हणजे पानं लावायला द्या. पानं लागल्यावरच्या दुरुस्त्या ड्राइव्हवरच्या पीडीएफवर कमेंट करून सांगा. पानातल्या दुरुस्त्या डॉक्समध्ये आपोआप येत नाहीत, म्हणून डॉक्समध्ये पुन्हा तपासणी सुरू करू नका.