स्काय बेट पाहताना : दिवसाला एकच द्वीपकल्प

शाळांना मे महिन्याची सुट्टी लागली की ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलांकडे निघणारी मराठी कुटुंबे वडोदऱ्यात आता थोडीथोडकी नाहीत. लंडन पाहून झाले की पुढचा बेत बहुधा स्कॉटलंडचा असतो आणि त्यात स्काय बेटाचे नाव येतेच. मात्र ‘दोन दिवसांत दहा पॉइंट’ या आपल्या सहलीच्या हिशेबाने हे बेट पाहायला गेले, तर वाहनतळाच्या पावत्या आणि धुक्याचे फोटो यांपलीकडे पदरात फारसे काही पडत नाही. पहिल्या दिवशी आम्ही नेमके तेच केले. सकाळी पूर्व किनाऱ्यावरचे सुळके आणि दुपारी किल्ला पाहून संध्याकाळी पश्चिम टोकावरच्या नीस्ट पॉइंटला पोहोचलो, तेव्हा १९०९ सालचे ते दीपगृह ढगात इतके बुडाले होते की ते कोणत्या दिशेला आहे यावरून आम्हा तिघांत वाद झाला.

स्काय हे इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट असून त्याची लांबी सुमारे ८० किलोमीटर आणि वस्ती जेमतेम १०,००० आहे. समुद्राचे फाटे आत घुसल्यामुळे त्याचा आकार बोटे पसरलेल्या पंजासारखा झाला आहे. ट्रॉटरनिश, वॉटरनिश, ड्युरिनिश, मिंगिनिश, स्लीट ही त्यातील काही बोटे. एका बोटाच्या टोकावरून शेजारच्या बोटाच्या टोकावर जायचे तर आधी तळव्यापर्यंत मागे यावे लागते आणि रस्ते अरुंद असल्याने नकाशावर वीतभर दिसणाऱ्या अंतराला तासभर सहज लागतो. म्हणून अंतर मैलांत न मोजता वेळेत मोजावे आणि एका दिवशी एकाच द्वीपकल्पाचा बेत करावा. निदान तीन मुक्काम हाताशी नसतील, तर स्कायला न जाता मुख्य भूमीवरच्या ग्लेनको या दरीपर्यंत फिरून परतणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कधी जावे, या बाबतीत वडोदऱ्याची सुट्टी आपल्या पथ्यावर पडते. मे महिन्यात तेथे पाऊस तुलनेने कमी असतो, दिवस लांबलेला असतो (जूनमध्ये तर रात्री दहानंतर सूर्य मावळतो) आणि मिज नावाच्या चिलटांचा उपद्रव अजून सुरू व्हायचा असतो. ही चिलटे मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असतात, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना ऊत येतो आणि वारा पडलेल्या दमट संध्याकाळी ती झुंडीने चावतात. जरा वारा सुटला की त्यांना उडता येत नाही, त्यामुळे या बेटावर वाऱ्याला शिव्या देण्याआधी थोडा विचार करावा. त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी तोंडावर घ्यायची बारीक जाळी तेथील दुकानातच विकत घ्यावी. हिवाळ्यात बर्फ फारसा टिकत नाही, पण डिसेंबरात उजेड जेमतेम सहा-सात तास असतो आणि अनेक निवासस्थाने बंद असतात.

व्हिसा ब्रिटनचा एकच असतो. स्कॉटलंडसाठी वेगळा काढावा लागत नाही आणि युरोपचा शेंगेन व्हिसा येथे चालत नाही. वडोदरेकरांना बोटांचे ठसे देण्यासाठी अहमदाबाद सोयीचे पडते. निवासाची नोंदणी मात्र व्हिसा हाती पडताच करावी, कारण बेटावर खोल्या कमी आहेत आणि उन्हाळ्यातल्या खोल्या कित्येक महिने आधीच संपतात. पोर्ट्री हे मुख्य गाव मध्यावर असल्यामुळे तेथे किंवा त्याच्या आसपास राहिल्यास रोज वेगळ्या द्वीपकल्पाकडे निघता येते.

बेटावर पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत आणि शक्य असल्यास जाताना एक व येताना दुसरा घ्यावा. काइल ऑफ लोखाल्श येथून बेटावर जाणारा पूल १९९५ मध्ये खुला झाला. त्यावरचा टोल लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केल्यानंतर २००४ मध्ये रद्द झाला. दुसरा मार्ग मॅलेगहून आर्माडेलला जाणाऱ्या बोटीचा असून तीत गाडीही चढवता येते, मात्र गाडीची जागा आधी राखून ठेवावी. स्वतः गाडी चालवायची नसेल तर ग्लासगोहून मॅलेगपर्यंतचा पाच-सव्वापाच तासांचा रेल्वेप्रवास हीच एक सहल आहे. वाटेत ग्लेनफिनन येथे २१ कमानींच्या वळणदार पुलावरून गाडी जाते. ग्लासगोहून पोर्ट्रीला थेट बसही आहे. बेटावरील बसगाड्या मात्र विरळ आहेत आणि रविवारी त्याहून विरळ, त्यामुळे बसने फिरणाऱ्यांनी परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे पाहिल्याशिवाय सकाळी खोली सोडू नये.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांना भारतीय परवान्यावर पर्यटक म्हणून १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि तेथेही आपल्यासारखीच डावी बाजू असते, हा मोठाच दिलासा आहे. खरी परीक्षा एकपदरी रस्त्यांवर होते. हे रस्ते एका गाडीपुरतेच रुंद असतात आणि ठराविक अंतरावर ‘पासिंग प्लेस’ अशी पांढरी पाटी लावलेली बाजूपट्टी असते. समोरून गाडी येताना दिसली आणि अशी जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तीत शिरावे. ती उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे, म्हणजे समोरचा तीत शिरून वळसा घालून जाईल. चढ चढणाऱ्या गाडीला शक्यतो आधी जाऊ द्यावे. मागे कोणी घाईत असेल तर याच जागेत थांबून त्यालाही पुढे सोडावे, कारण तो बहुधा कामावर निघालेला गावकरी असतो. या जागा फोटोसाठी गाडी उभी करण्याकरिता नाहीत, आणि पर्यटकांवर तेथील लोकांचा सर्वांत मोठा राग याच गोष्टीचा असतो.

दिव्यांच्या भाषेत आपली हमखास गफलत होते. वडोदऱ्यातल्या अलकापुरीच्या चौकात समोरच्याने दिवे मारले की ‘मी निघालो, तू थांब’ असा अर्थ आपण घेतो, तर त्या रस्त्यांवर दिवे मारण्याचा अर्थ प्रघाताने ‘मी थांबलो आहे, तुम्ही या’ असा होतो. एका खिंडीच्या तोंडाशी समोरच्या मोठ्या कॅम्पर गाडीने दोनदा दिवे मारले आणि मी आज्ञाधारकपणे थांबलो. तोही थांबलेला. दोन-तीन मिनिटे आम्ही एकमेकांकडे काचेतून पाहत बसलो आणि शेवटी त्याने खिडकीतून हात काढून, लहान मुलाला बोलवावे तसे मला बोलावले. शेजारून जाताना स्टिअरिंगवरची चार बोटे उचलून आभार मानायचे असतात, हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

मे महिन्यात मेंढ्यांची कोकरे लहान असतात, याचाही रस्त्याशी संबंध आहे. मेंढी रस्त्याच्या एका कडेला आणि कोकरू दुसऱ्या कडेला दिसले, तर गाडी जवळ येताच कोकरू आईकडे धाव घेणारच, असे धरून चालावे. पेट्रोल पोर्ट्री किंवा ब्रॉडफर्ड येथे भरून घ्यावे. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

एकच दिवस मनासारखा मिळणार असेल तर तो ट्रॉटरनिशला द्यावा. पोर्ट्रीहून उत्तरेकडे निघून पूर्व किनाऱ्याने ऊइगला वळसा घालून परतण्याचा हा सुमारे ८० किलोमीटरचा फेरा दिवसभर पुरतो. ‘ओल्ड मॅन ऑफ स्टॉर’ हा सुमारे ५० मीटर उंचीचा सुळका पाहण्यासाठी सकाळी आठच्या आत पोहोचावे, कारण नंतर वाहनतळ भरतो. येथला काळा कातळ आपल्याला परका वाटत नाही, आणि त्याला कारणही आहे. पावागढ ज्या ज्वालामुखी उद्रेकांतून घडला ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचे, तर स्कायचा लाव्हा साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा. फरक इतकाच, की ट्रॉटरनिशमध्ये हा जड लाव्हा जुन्या, ठिसूळ गाळाच्या खडकांवर साचला आणि हिमयुगातील बर्फ ओसरल्यावर त्या भाराने डोंगराची अख्खी बाजू समुद्राकडे घसरली. सुळके, कडे आणि मधली हिरवी पठारे ही त्या घसरणीची उरलेली मोडतोड आहे. क्विरांग येथे ती अजून थांबलेली नाही, त्यामुळे पायथ्याचा रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. क्विरांगची पायवाट सुरुवातीला सोपी वाटते, पण एका बाजूला उतार तुटलेला असल्याने गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी पहिल्या अर्ध्या तासानंतर परत फिरण्यात कमीपणा मानू नये. वाटेत किल्ट रॉकपाशी मीआल्टचा धबधबा थेट समुद्रात कोसळतो. तेथे दहा मिनिटे पुरतात.

उरलेल्या दिवसांत ढग पाहून दिशा ठरवावी. बेटावरचे कूलिन डोंगर ढगात असतील तर डनव्हेगनचा मॅकलाउड घराण्याचा किल्ला पाहावा. आकाश मोकळे झाले तर एल्गॉलला जाऊन तेथून बोटीने डोंगरांच्या कुशीतले कोरुस्क सरोवर गाठावे. माझ्या मते साऱ्या बेटावर याच्या तोडीचे दुसरे दृश्य नाही. कूलिनच्या शिखरांवर मात्र वाटाड्याशिवाय चढू नये. सर्वोच्च शिखर ९९२ मीटरचेच असले तरी तेथील खडकात चुंबकीय गुण असल्याने होकायंत्रही फसते. कूलिनच्या पायथ्याशी ओढ्यात बनलेल्या ‘फेअरी पूल्स’ या डोहांचे पाणी छायाचित्रांत निळे-हिरवे दिसते आणि ते खरोखर तसेच असते, पण गर्दीही छायाचित्रांमुळेच असते.

कपड्यांच्या बाबतीत हिवाळ्यातल्या तिबेटी बाजारातून घेतलेला जाड स्वेटर एकटा निरुपयोगी ठरतो, कारण तापमान दहा-बारा अंश असले तरी बोचतो तो वारा आणि भिजवतो तो आडवा पाऊस. पातळ कपड्यांचे दोन थर, त्यावर पाणी न शिरणारे जाकीट आणि तशीच विजार, शिवाय घोट्यापर्यंतचे बूट असावेत. छत्री वडोदऱ्यातच ठेवावी.

शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही, पण हॉटेलांची स्वयंपाकघरे रात्री आठ-साडेआठला बंद होतात आणि आपली जेवणाची वेळ त्यानंतर सुरू होते. न्याहारीच्या ताटातले ‘ब्लॅक पुडिंग’ हे नावावरून गोड वाटले तरी डुकराच्या रक्ताचे असते. त्या ऐवजी हॅगिस या स्कॉटिश मसालेदार पदार्थाचा शाकाहारी प्रकार मागावा, तो बहुतेक ठिकाणी मिळतो. खाखरे आणि चिवडा सोबत नेता येतो, मात्र दूध-दुभत्याचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई असल्यामुळे पेढे घरीच ठेवावेत. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतल्यास फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडावी. मोहरी तडतडताच आमच्या घरातला धुराचा भोंगा असा वाजला की मालकीणबाई पावसात धावत आल्या आणि सगळे समजल्यावर वरणाचा वास घेत ओट्याशी थोडा वेळ उभ्या राहिल्या.

परतताना बोटीचा मार्ग घेतल्यास वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली आहे का, हे सकाळी उठल्याबरोबर पाहावे. झाली असेल तर पूल आहेच, पण त्या वळशासाठी वेळ राखून ठेवावा. स्कॉटलंडमधील तीन बँका स्वतःच्या पाउंडाच्या नोटा छापतात, त्या बेटावरच खर्चून टाकाव्यात. लंडनमध्ये एका दुकानदाराने आमची नोट उजेडाकडे धरून दोनदा उलटसुलट केली आणि शेवटी हसून कार्ड मागितले. वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातला मनी चेंजर त्याच्याइतका हसेल, याची मला खात्री नाही.