मुलांची व्हीलचेअर: आधी बैठक, मग चाकं

आमच्या सेवा क्लबात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेले फिटर आहेत, एक वेल्डर आहे, बँकेतले दोघं आहेत आणि एक फिजिओ मॅडम. माझं किसन नगरला रिक्षाच्या सीटा आणि हूड शिवायचं दुकान, म्हणून क्लबात मी ‘गादीवाला’. दिव्यांग मुलांसाठी आम्ही व्हीलचेअर बनवतो. फ्रेमचं वेल्डिंग चालू असलं की सगळे गोळा होतात. ठिणग्या उडतात, फोटो छान येतात. पण खुर्ची मुलाच्या उपयोगी पडणार की घरात कपडे टाकायला, हे बैठकीवर, म्हणजे मूल जिथे बसतं त्या गादी-पाठीवर, ठरतं. म्हणून ज्यांना हे काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी बैठकीच्या बाजूने लिहितोय. फ्रेमचं फिटर लोक सांगतीलच, न विचारता.

पाईप विकत आणण्याआधी मूल बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर देण्याच्या कामाच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्या, त्यात खुर्ची तयार करणं पाचवी पायरी आहे. आधीच्या चार म्हणजे मूल आपल्यापर्यंत येणं, तपासणी, कशी खुर्ची हवी ते ठरवणं आणि पैशाची सोय. तपासणी फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टनेच (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे) करायची. पाठीचा कणा वाकडा असेल, खुब्याचा सांधा निसटलेला असेल, तर त्या अंगाला किती सरळ करायचं आणि किती आहे तसंच आधाराने ठेवायचं, हे आपण गादीवाल्यांनी किंवा फिटरने ठरवायचं नसतं. क्लबात थेरपिस्ट नसेल तर नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. तिथे आधी विचारा.

आणखी एक. साध्या खुर्चीने ज्याचं भागतं, त्याला केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची खुर्ची मिळू शकते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढायला लावा. आपले हात बाजारच्या खुर्चीत बसूच न शकणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवा. ती मुलं बहुतेक सेरेब्रल पाल्सीची असतात, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन हातापायांवरचा ताबा गेलेली.

आता माप. मूल पलंगावर बसवून माप घेऊ नका, गादी दबते आणि सगळे आकडे खोटे येतात. कडक बाक घ्या, पायाखाली पाट ठेवा, पाठीमागे कोणीतरी धरून बसू दे. शक्यतो आईच. कमरेभोवती टेप गुंडाळायचा नाही. कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना प्लायचे दोन तुकडे उभे टेकवा आणि त्या दोघांमधलं अंतर मोजा. ती बैठकीची रुंदी. त्यात फार तर बोटभर सूट द्या, जास्त नाही. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक साधारण ४६ सेंटिमीटर असते. कुल्ल्यांशी २५ सेंटिमीटर असलेली मुलगी त्यात बसवली तर ती एका कुशीवर कलणार, आणि रोज कलून कलून कणाही तिकडेच जाणार.

मग खोली. कुल्ल्यांच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मोजा, दोन्ही पायांचं वेगवेगळं. पुष्कळ मुलांचे पाय सारखे नसतात. कमी भरेल तो आकडा धरा आणि त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करा. म्हणजे डावीकडे ३६ आणि उजवीकडे ३७ आलं तर बैठक ३२ च्या आसपास. हे वजा केलं नाही तर बैठकीची कड पोटरीला टोचते, मूल त्यापासून पळायला पुढे सरकतं आणि अर्धं आडवं होतं. मग घरचे म्हणतात, ‘हा बसतच नाही नीट.’ तो कसा बसेल?

तिसरं माप लवणीपासून टाचेपर्यंत. मूल स्प्लिंट (पाय सरळ धरून ठेवणारा साचा) किंवा बूट घालत असेल तर ते घालूनच. पायाची पाटी या मापाने लावायची, आणि हे अंतर गादी दबल्यावरच्या उंचीवरून धरायचं, कोऱ्या फोमवरून नव्हे. चौथं माप पाठीचं. धड सावरता येत असेल तर खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत पाठ पुरते, नाहीतर खांद्यापर्यंत न्यावी लागते, आणि मान धरता येत नसेल तर वर डोक्याचा आधार.

मापं घेताना आई हमखास म्हणते, ‘दादा, थोडी मोठीच करा, वाढतं वय आहे.’ तिचं बरोबर आहे, पण खुर्ची म्हणजे शाळेचा गणवेश नव्हे. बैठक आजच्या मापाची, वाढीची सोय फ्रेममध्ये. पाठीचा टेकू मागे सरकवता येईल, पायाची पाटी खाली उतरवता येईल अशी एकात एक सरकणारी पाईप घ्या, तिला इंच-इंच अंतरावर भोकं पाडा. ऑस्ट्रेलियात पर्थला रोटरीच्या पुढाकाराने निवृत्त माणसं जगभरच्या मुलांसाठी खुर्च्या बनवतात, त्याही अशाच मुलासोबत वाढवता येणाऱ्या.

फोमचं काम माझं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. कापडी झोळीची बैठक नको, ती खचते आणि गुडघे आत वळतात. १२ मिलिमीटर प्लायचा पक्का तळ घ्या. त्यावर कडक रीबाँडेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला. या फोममध्ये मागच्या बाजूला बसायची हाडं उतरतील एवढा खळगा कोरायचा, आणि खळग्याच्या पुढे मांडीखाली पायरीसारखा उंचवटा ठेवायचा. अंग ताठ करून पुढे घसरणाऱ्या मुलाला हा उंचवटा अडवतो. मांड्या एकमेकींवर चढत असतील तर गुडघ्यांच्या मध्ये फोमचा ठोकळा द्या, पण गुडघ्यांपाशी. तो जांघेत घुसवून त्यावर मुलाला अडकवून ठेवायचं नाही. कडक फोमवर वीसेक मिलिमीटर मऊ फोम.

खोळ शिवताना रिक्षाची सवय सोडा. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन आम्ही सुरकुती न राहील इतकं ताणतो. इथे ताणलंत तर कापड खळग्यावर ढोलासारखं बसतं आणि हाडं खाली उतरतच नाहीत. एवढं कोरलेलं वाया. खोळ सैल, थोडी ताण घेणारी, मागून चेन लावलेली. रेक्झिनने मे महिन्यात पाठ आणि मांड्या घामाने चिंब होतात, त्यामुळे मुलाला लागेल तिथे कापडच वापरा आणि लघवीसाठी आत पातळ प्लास्टिकचा ढिला थर. खोळी दोन द्या. आपल्याकडे जुलैत कपडे कसे वाळतात ते मी सांगायला नको. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा ओलीत कुजतो.

गादी पुरेशी आहे का, हे बोटांनी कळतं. मूल बसलेलं असताना तळहात वर करून बोटं गादी आणि बसायच्या हाडामध्ये सरकवा. बोटांची टोकं अर्धा सेंटिमीटर तरी वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर येतात, तर सावध व्हा. बोटं चिमटली तर ती गादी त्या मुलाला देऊ नका. स्पायना बिफिडाच्या, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न मिटलेल्या, मुलांना खालच्या भागात संवेदना कमी असते किंवा नसते. त्यांना टोचलेलं कळत नाही, रडतही नाहीत, आणि जखम मात्र खोल होते. त्यांच्या बाबतीत ही परीक्षा चुकवायची नाहीच.

पट्टा पोटावरून नाही. बैठकीशी ४५ अंशांच्या आसपास कोन करून, कमरेच्या हाडांच्या खालून, मांडीच्या मुळावरून जायला हवा. शिवताना चौकोन आणि त्यात फुली घाला, एकेरी शिलाई उसवते. छातीचा पट्टा लागलाच तर कमरेचा आधी लावायचा आणि सगळ्यात शेवटी सोडायचा. नाहीतर मूल खाली घसरतं आणि छातीचा पट्टा गळ्याशी येतो. हे आईला सांगून भागत नाही. तिच्याकडून समोर करून घ्या, घरी आजी सांभाळत असेल तर आजीकडूनही.

चाकांचं थोडक्यात. पुढची चाकं बारीक आणि कडक घेतलीत तर पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, आठ इंची जाड बरी. मागच्या टायरच्या बाबतीत फसगत होते. व्हीलचेअरचं २४ इंची आणि सायकलचं २४ इंची एक असेलच असं नाही. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ३७-५४० छापलेलं असतं, त्यातला ५४० हा रिमचा आकडा. गियरच्या सायकलींना बहुधा ५०७ असतो. जो टायर मुलाच्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडे मिळतो, त्याच्या रिमवर खुर्ची बांधा. पायाची पाटी जमिनीपासून किमान पाच सेंटिमीटर वर, मागे उलटू नये म्हणून दोन टेकू, नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे. आणि दार मोजल्याशिवाय रुंदी पक्की करू नका. बैठकीच्या रुंदीत साधारण २० सेंटिमीटर मिळवले की चाकांसकट रुंदी येते. लोकमान्य नगरात चाळीच्या दारांपुढे चपलांचं कपाट, पाण्याचा पिंप, सगळं असतं; मोजायचं ते उरलेलं अंतर.

खुर्ची द्यायची ती हॉलमध्ये बॅनर लावून, मुलांची रांग करून नको. आमच्यात यावरून वाद झालेत, होतीलही. मूल अर्धा तास खुर्चीत बसवा, मग उचलून कुल्ले, माकडहाड आणि पाठीच्या मणक्यांजवळची कातडी बघा. लाली आली असेल आणि पुढच्या अर्ध्या तासात गेली नाही, तर खुर्ची परत आमच्या टेबलावर. समारंभात हे कोणी करू देत नाही. पाठीवर क्लबाचं नावही छापू नका. ते मूल त्या खुर्चीत शाळेत जाणार आहे.

सोबत दहा आणि तेराचा पाना द्या. सहा आणि आठ मिलिमीटरचे बोल्ट त्यांनीच आवळले जातात. फुटपाथवरून उतरताना खुर्ची पाठमोरी करून, मागची चाकं आधी उतरवायची, हे दारात दोनदा करून घ्या. सहा महिन्यांनी मापं पुन्हा घ्यायची, तारीख तेव्हाच ठरवा. मूल वाढून खुर्ची परत आली की फ्रेम धुवा, गंज घासून रंग मारा, बेअरिंग फिरवून खरखर ऐकू आली तर बदला. फोम फेकून द्या. पुढच्या मुलासाठी पुन्हा कडक बाक आणि प्लायचे दोन तुकडे घेऊन बसायचं.